‘आम्ही’ ह्या शब्दाचे भाडे

‘आम्ही’ हे सर्वनाम कोणाच्या मालकीचे असू शकते काय, असे कोणी आपल्या शाळेतील व्याकरणाच्या मास्तरांना विचारले असते, तर त्यांनी विचारणाराच्या प्रकृतीची चौकशी केली असती. परंतु २०१९ साली अमेरिकेत ह्या सर्वनामाचा रीतसर व्यवहार झाला. न्यूयॉर्क येथे २०१० मध्ये निघालेल्या ‘वीवर्क’ नामक कंपनीचा धंदा मोठमोठ्या इमारती घाऊक भाड्याने घेऊन त्यांतील टेबले किरकोळीने पुन्हा भाड्याने देण्याचा. तिने त्या वर्षी आपले नाव ‘द वी कंपनी’ असे ठेवले, आणि ‘वी’ म्हणजे ‘आम्ही’ ह्या शब्दावरचे व्यापारी हक्क आपल्याच संस्थापकांच्या ताब्यातील एका खासगी संस्थेकडून सुमारे ५९ लाख डॉलर किमतीच्या भागांच्या मोबदल्यात घेतले. बोभाटा झाला तेव्हा तो मोबदला परत करण्यात आला. जानेवारी २०१९ मध्ये जिचे मोल ४७ अब्ज डॉलर धरले जात होते, त्या कंपनीला त्याच वर्षीच्या सप्टेंबरात आपली भागविक्री मागे घ्यावी लागली, आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये तिला दिवाळखोरीच्या न्यायालयाची पायरी चढावी लागली. पुढल्या वर्षी ती त्यातून बाहेर पडली, तो भाग निराळा.

हा सगळा परदेशचा प्रकार. त्याच्याशी दिल्लीत, बंगळुरात किंवा हैदराबादेत बदलीवर येऊन पडलेल्या आपणा मराठी नोकरदारांचा संबंध काय, असे वाचक विचारतील. संबंध आहे, आणि तो आपल्याच बिऱ्हाडात, जेवणाच्या टेबलाशी बसून चित्रे काढीत आहे.

माझा एक मावसभाऊ दोन वर्षांपूर्वी सांगलीहून दिल्लीस आला. वय सव्वीस. मुलांच्या पुस्तकांना तो चित्रे काढतो. दिल्लीत पुस्तकांचा व्यापार मोठा, काम येथे मिळते. ‘नोकरी कोठे करतोस?’ ह्या प्रश्नाला त्याच्याजवळ उत्तर नाही, आणि आपल्या मंडळींजवळ दुसरा प्रश्न नाही. त्यामुळे आमच्याकडे येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याशी त्याचे संभाषण अर्ध्या मिनिटात संपते. सरकारी क्वार्टरच्या दोन खोल्यांत आम्ही चौघे आणि तो पाचवा. सकाळी मुलांचे डबे, दुपारी कुकरच्या शिट्ट्या, संध्याकाळी गृहपाठ. त्याने काही दिवस काढले, मग तो म्हणाला, “दादा, मी बाहेर टेबल घेतो.” आणि त्याने नेहरू प्लेसच्या बाजूस एका को-वर्किंगच्या जागेत एक बैठक मासिक भाड्याने घेतली. भाड्यावर १८ टक्के जीएसटी. वीस लाखांखाली उलाढाल असणारा आणि म्हणून नोंदणी नसलेला त्याच्यासारखा माणूस हा कर कोठेही वळता करून घेऊ शकत नाही. तो मुकाट्याने भरावयाचा.

मी ती जागा पाहावयास गेलो होतो. जागा सुरेख आहे, हे प्रथमच सांगितले पाहिजे. उजेड आहे, पाठीला आधार देणारी खुर्ची आहे, वीज जात नाही, कॉफीचे यंत्र आहे, आणि रात्री नऊपर्यंत एकट्या मुलीला निर्धास्तपणे काम करीत बसता येते. ही शेवटची गोष्ट दिल्लीत सामान्य नव्हे. भिंतीवर इंग्रजीत मोठ्या अक्षरांत लिहिले आहे की येथे आपण एकत्र घडतो, एकत्र वाढतो. एक तरुण मुलगी पगारावर नेमलेली आहे; तिचा हुद्दा ‘कम्युनिटी मॅनेजर’. सभासदांच्या वाढदिवसाला केक आणणे आणि भाडे थकल्यास आठवण करणे ही तिची दोन कामे. दोन्ही ती सारख्याच हसतमुखाने करते.

ह्या एकत्र वाढण्याचा अनुभव पुढे आला तो असा. मावसभावाच्या उजव्या हाताला एक केरळी तरुण बसत असे. तो पुस्तकांची पाने मांडण्याचे काम करी. तीन महिने दोघे कोपराला कोपर लावून बसले. एकमेकांना नमस्कार करीत, चार्जर उसना देत. दोघांच्याही कानांत गाणी ऐकण्याच्या नळ्या. एके दिवशी खाली चहाच्या टपरीवर सहज बोलताना निघाले की दोघेही एकाच प्रकाशकाच्या एकाच पुस्तकावर काम करीत आहेत. चित्रकाराला प्रकाशकाने सांगितले होते की पाने मांडणाऱ्याने फार पैसे मागितल्यामुळे तुमच्या चित्रांचा दर कमी करावा लागतो. आणि पाने मांडणाऱ्याला सांगितले होते की चित्रकार महाग पडला. दोघांनीही दर उतरवून दिला होता. मधले अंतर अडीच फूट.

ह्यात त्या जागेच्या मालकाचा दोष आहे, असे मी म्हणत नाही. त्याने टेबल देण्याचे कबूल केले होते आणि टेबल दिले. दोष आहे तो टेबलाला टेबल लावले म्हणजे माणसाला माणूस लागतो, ह्या समजुतीचा. आणि ती समजूत भिंतीवर रंगवून तिच्यापायी भाडे चढविण्याचा. रेल्वेच्या डब्यात बहात्तर माणसे एकाच दिशेने जातात. त्यांना कोणी सहकारी संस्था म्हणत नाही.

मुळात ही कल्पना अशी नव्हती, हेही न्यायाने सांगावयास हवे. २००५ साली सॅन फ्रान्सिस्कोतील ब्रॅड न्यूबर्ग नावाच्या संगणकाच्या कारागिरास नोकरीतली सोबत हवी होती आणि स्वतंत्र कामातली मोकळीकही हवी होती. त्याने एका स्त्रियांच्या मंडळाच्या घरात आठवड्यातून दोन दिवस जागा घेतली. तो स्वतः सकाळी घडीची टेबले मांडी आणि संध्याकाळी आवरी. पहिला महिनाभर तिकडे कोणी फिरकले नाही. पुढे लोक आले, ती जागा वर्षभराने बंद झाली, दुसरी निघाली, आणि नाव जगभर गेले. ज्याने टेबल मांडावयाचे त्यानेच त्यावर बसावयाचे, हा त्या पहिल्या प्रयोगाचा गाभा होता. नाव जगभर गेले तेव्हा नेमका हा गाभा सॅन फ्रान्सिस्कोत राहिला आणि घडीची टेबले तेवढी प्रवासाला निघाली.

आता मी माझ्या अनुभवाचे बोलतो, कारण सामुदायिक कामाच्या जागेविषयी बोलण्याचा कारकुनाइतका अधिकार दुसऱ्या कोणाला नसावा. मंत्रालयातला आमचा सेक्शन म्हणजे काय आहे? एक दालन, अकरा टेबले, चार पंखे. तेथे केक क्वचित येतो. माझ्या शेजारच्या टेबलावरील गृहस्थांशी माझे कित्येक बाबतींत जमत नाही, आणि त्यांचेही माझ्याविषयी तसेच मत आहे. तरीही आम्ही सहकारी आहोत, भाडेकरू नाही. का? तर आमच्यामध्ये फाईल आहे. पूर्वी ती तांबड्या फितीत असे, आता ई-ऑफिसच्या पडद्यावर सरकते. परंतु मी लिहिलेल्या टिपणाखाली त्यांना लिहावे लागते, माझी चूक त्यांच्या अंगावर येते, त्यांची दिरंगाई माझ्या नावावर चढते. स्नेह असो वा नसो, जबाबदारी समाईक आहे. सरकारी कचेरीची थट्टा करणे सोपे आहे, मीही करतो. परंतु सोबत कशाने उत्पन्न होते हे त्या ओबडधोबड दालनात जितके स्पष्ट दिसते तितके त्या सुरेख जागेत दिसत नाही. तेथे फाईल नाही. प्रत्येकाचे काम स्वतंत्र, प्रत्येकाची उधारी स्वतंत्र, आणि शेजारी कोण बसावा हे ठरविण्याचा अधिकार तिसऱ्याचा.

कोणी म्हणेल, कचेरीचा दाखला कलावंतांना कसा लागू पडावा? मग कलावंतांचाच घेऊ.

मद्रासच्या सरकारी कलाशाळेचे प्राचार्य के. सी. एस. पणिक्कर ह्यांच्यापुढे हाच प्रश्न होता. शिकून बाहेर पडलेली मुले चित्रे सोडून मिळेल ती नोकरी धरीत होती. त्यांनी व्याख्यान दिले नाही. विद्यार्थी आणि सहकारी मिळून कलावंतांची एक हस्तव्यवसाय संस्था काढली. बाटिकची कापडे आणि अशाच वस्तू करून विकल्या. आणि त्या विक्रीच्या पैशातून १९६६ साली मद्रासच्या दक्षिणेस समुद्रकाठी इंजमबाक्कम येथे जमीन घेतली. हेच चोळमंडल कलाग्राम. त्यांनी तेथे घरे बांधली, समाईक कर्मशाळा केली. दिवसाचा काही भाग हस्तव्यवसायात घालवावयाचा, म्हणजे पोट चालेल, आणि उरलेला आपल्या चित्राशिल्पात. पणिक्कर १९७७ मध्ये वारले. गाव आजही आहे. एका चित्रकाराला जे बँकेने दिले नसते, ते तीस-चाळीस चित्रकारांनी कापड रंगवून मिळविले. येथे एकत्र बसण्याच्या आधी एकत्र विकणे होते, हे लक्षात घ्यावे. क्रम महत्त्वाचा आहे.

छायाचित्रकारांचे उदाहरण आणखी बोलके आहे. १९४७ मध्ये रॉबर्ट कापा, आंरी कार्तिए-ब्रेसाँ, जॉर्ज रॉजर, डेव्हिड सेमूर आदी मंडळींनी ‘मॅग्नम’ ही सहकारी संस्था स्थापन केली. त्यांतील कार्तिए-ब्रेसाँ पुढल्याच वर्षी आपल्या दिल्लीत होता, आणि गांधीजींच्या अंत्ययात्रेची त्याने काढलेली चित्रे जगाने पाहिली. ह्या लोकांना टेबले नको होती. ते वर्षभर चार दिशांना भटकत. त्यांना हवे होते ते एवढेच, की काढलेल्या चित्रावरचा हक्क साप्ताहिकाच्या मालकाकडे न जाता काढणाराकडे राहावा. एकट्याने मागितला असता तर मिळाला नसता. म्हणजे ज्यांना एका छपराखाली बसण्याची गरजच नव्हती अशा माणसांनी खरे सहकार्य केले, आणि जे रोज एका छपराखाली बसतात त्यांना शेजाऱ्याचा दर ठाऊक नाही! मॅग्नममध्ये भांडणे अतोनात झाली. नवा सभासद घ्यावयाचा की नाही ह्यावर तेथे मतदान होते आणि त्यावरून वर्षानुवर्षे रुसवेफुगवे चालतात. मी हे गुणात धरतो. भाड्याच्या जागेत कोणी भांडत नाही, कारण भांडून घेण्यासारखे तेथे कोणाचेच काही नसते. न पटले तर पुढल्या महिन्यापासून दुसरी जागा.

ह्यावर आपल्याकडचे जाणते हमखास प्रभात फिल्म कंपनीचे नाव काढतात. “पाहा, शेवटी काय झाले?” काय झाले ते मी सांगतो. दामले, फत्तेलाल, धायबर, शांताराम ह्या कारागिरांनी सीतारामपंत कुलकर्णी ह्यांना सोबत घेऊन १९२९ साली कोल्हापुरात भागीदारी केली. १९३३ मध्ये पुण्यास बिऱ्हाड हलविले. १९३६ मध्ये ‘संत तुकाराम’ काढला आणि तो पुढल्या वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात वाखाणला गेला. १९४२ पर्यंत शांताराम बाहेर पडले होते, आणि १९५३ मध्ये कंपनी बंद झाली. भागीदारी मोडली, हे कबूल. परंतु जोवर ती होती तोवर पडद्यामागचा सुतार आणि पडद्यावरचा देखावा ह्यांच्यामध्ये भाडेचिठ्ठी नव्हती. आणि आपण बसतो त्या कचेऱ्या अमर आहेत, असा आपला समज असेल तर मंत्रालयांच्या विलीनीकरणाच्या अधिसूचना काढून पाहाव्यात. दहा-वीस वर्षे चालून मोडलेल्या गोष्टीला अयशस्वी म्हणण्याची घाई पेन्शनीला सोकावलेल्या माणसालाच असते.

दिल्लीकरांना दूर जावयासही नको. ईस्ट ऑफ कैलासजवळच्या गढी गावातील जुन्या गढीत ललित कला अकादमीने १९७६ मध्ये कलावंतांसाठी कर्मशाळा उघडल्या. शिल्पकार शंखो चौधुरी ह्यांचा त्यात मोठा वाटा होता. शिळाप्रेस, मातीची भट्टी, शिल्पाची ओटी, अशा एकट्याला न परवडणाऱ्या गोष्टी तेथे समाईक ठेवल्या. कल्पना उत्तम, आणि तिने पुष्कळांना हात दिला. परंतु जागा कोणाला मिळावी हे जेथे अर्ज, वर्गवारी आणि समिती ठरविते, तेथे कलावंताला कलेइतकीच अर्जाचीही तालीम करावी लागते. हे मी अर्ज ज्या टेबलावर येतात त्या टेबलाच्या अलीकडे बसून सांगतो आहे. ह्याउलट बाबा खडकसिंग मार्गावरील मोहनसिंग प्लेसच्या माथ्यावरचे कॉफी हाऊस घ्या. १९५७ मध्ये कॉफी बोर्डाने आपली कॉफी हाऊसे बंद करावयास काढली, तेव्हा ए. के. गोपालन ह्यांच्या प्रेरणेने तेथल्या कामगारांनी सहकारी संस्था स्थापून ती स्वतः चालवावयास घेतली. दिल्लीतल्या कित्येक साहित्यिकांनी त्या कॉफीवर संघटनेच्या गप्पा मारल्या. संघटना कॉफी आणून देणाऱ्याने केली होती.

आता मुख्य आक्षेप. तो मी मंडळाच्या सभेत प्रत्यक्ष ऐकला, आणि तो सांगणारे गृहस्थ वयाने, हुद्द्याने व वाचनाने माझ्याहून थोर आहेत. ते म्हणाले, “अहो, कला ही एकांताची साधना. गायतोंड्यांना पाहा! निजामुद्दीनच्या बरसातीत एकटा माणूस. त्यांनी कोणाकडे टेबल मागितले?” सभेने माना डोलावल्या. वासुदेव गायतोंडे १९७२ मध्ये दिल्लीस आले आणि २००१ मध्ये वारेपर्यंत जवळजवळ अज्ञातवासात राहिले, हे खरे. परंतु त्याआधीचे पान उलटण्याचे कष्ट कोणी घेतले नाहीत. मुंबईच्या वॉर्डन रोडवरील भुलाभाई देसाई स्मारक संस्थेत त्यांची कामाची खोली होती. हुसेन तेथेच काम करीत, अल्काझींची नाट्यमंडळी तेथेच, रविशंकरांचे संगीत विद्यालयही तेथेच. जिन्यात चित्रकाराला नट भेटे, नटाला सतारिया. पुढच्या बरसातीतल्या एकांताची पुंजी त्या वर्षांतच साठत गेली नसेल, असे कोणी म्हणावे? एकांत पेलण्याची ताकद माणसाला आईच्या पोटातून मिळत नाही. शिवाय, गायतोंड्यांचा एकांत त्यांनी निवडलेला होता. माझ्या मावसभावाचा त्याच्यावर लादलेला आहे. त्यास एकांत म्हणू नये, एकटे पडणे म्हणावे. संस्कृतात आणि मराठीत ह्या दोन गोष्टींना दोन शब्द आहेत ते उगाच नव्हेत.

आणि एकटे पडण्याचा हिशेब रोकडा असतो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचे सतरावे कलम वाचावे. मोबदला घेऊन दुसऱ्याच्या सांगण्यावरून काढलेले छायाचित्र, रंगचित्र वा व्यक्तिचित्र ह्यांचा पहिला हक्कदार, विरुद्ध करार नसेल तर, सांगणारा होतो, काढणारा नव्हे. म्हणजे सारे त्या ‘विरुद्ध करारा’वर आले. तो करार एकटा पोरगा कोणाशी करणार? प्रकाशक छापील कागद पुढे करतो आणि म्हणतो, आमच्या येथे सगळेच ह्यावर सही करतात. हे ‘सगळे’ कोण, हे त्याला ठाऊक नसते. कारण ते सगळे कानांत नळ्या घालून शेजारीच बसलेले असतात.

पैसे थकण्याचेही तसेच. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांच्या कायद्याप्रमाणे अशा लहान पुरवठादाराचे पैसे, करारात काहीही लिहिलेले असले तरी, ४५ दिवसांपलीकडे ठेवता येत नाहीत. ठेवल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, महिन्या-महिन्याने चक्रवाढ होणारे व्याज द्यावे लागते. ह्यासाठी करावी लागणारी ‘उद्यम’ नोंदणी फुकट आहे. मी मावसभावाला हे कलम मोठ्या उत्साहाने वाचून दाखविले. तो म्हणाला, “दादा, व्याज मागितले तर पुढचे काम कोण देईल?” ह्याला माझ्यापाशी उत्तर नव्हते. परंतु कायदा करणाराला ते सुचले होते! त्याच कायद्याच्या दुसऱ्या कलमात, अशा लहान उद्योगांच्या वस्तू विकणारी व त्यांच्या सेवा पुरविणारी सहकारी संस्थाही ‘पुरवठादार’ ह्या व्याख्येत धरलेली आहे. म्हणजे बिल संस्थेने पाठवावे, स्मरणपत्र संस्थेने लिहावे, व्याज संस्थेने मागावे. पोराने चित्र काढावे. स्मरणपत्रावर सही करणारा निराळा असला की माणसाची झोप किती सुधारते, हे आपणा कचेरीतल्या मंडळींना काय सांगावे! आपल्या कोणत्याही कागदावर आपण ‘मी’ म्हणत नाही; ‘मला असे कळविण्याचा आदेश आहे की’ असे म्हणतो. त्या आडोशाची किंमत आपण कधी मोजली नाही, कारण तो आपल्याला पहिल्या तारखेच्या पगाराबरोबर फुकट मिळतो.

आता मी ज्यासाठी लेखणी उचलली त्या गोष्टीकडे येतो. माझा रोख त्या टेबले भाड्याने देणाऱ्यांवर आहे असे वाटले असेल, तर ते तितकेसे खरे नाही. ते व्यापारी आहेत. जेथे पोकळी दिसली तेथे त्यांनी दुकान मांडले. माझा रोख आपल्यावर आहे. ती पोकळी आपण ठेवली.

महाराष्ट्राबाहेरच्या कोणत्याही मोठ्या शहरात पाहा. आपल्या आधीच्या पिढीने, पगार तुटपुंजे असताना, वर्गण्या काढून, नाटकांची तिकिटे दारोदार विकून मंडळाची वास्तू उभी केलेली आहे. खाली सभागृह, वर दोन-तीन खोल्या. सभागृह गणेशोत्सवात, कोजागिरीला, संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आणि लग्नसराईत उघडते. वरच्या खोल्यांत मोडक्या खुर्च्या, मखराच्या पट्ट्या आणि गेल्या कित्येक वर्षांच्या स्मरणिकांचे गठ्ठे. सोमवार ते शुक्रवार कुलूप. आणि त्याच शहरात मराठी अनुवादक, चित्रकार, पाने मांडणारे, माहितीपट जोडणारे, नाटकाची वेशभूषा करणारे तरुण आपल्या कमाईचा मोठा हिस्सा खुर्चीच्या भाड्यात घालीत आहेत. आपण त्यांना आपल्या स्मरणिकेसाठी फुकट मुखपृष्ठ मागतो. हे मी अतिशयोक्तीने लिहीत नाही. गेल्या वर्षीचे मुखपृष्ठ कोणी काढले होते, ते माझ्या घरातच मला विचारता येते.

आमच्या मंडळाच्या गेल्या सर्वसाधारण सभेत मी ठराव मांडला. वरची मागची खोली आठवड्याचे पाच दिवस, सकाळी दहा ते संध्याकाळी सहा, स्वतंत्रपणे काम करणाऱ्या पाच-सहा जणांच्या गटास द्यावी. गटाने स्वतःचे नियम करावेत, वीज व झाडलोट ह्यांचा खर्च उचलावा, नवा सभासद कोण घ्यावा हे त्यांनीच ठरवावे, आणि कामाची बिले एकत्र पाठविण्याची व्यवस्था करावी. अमराठी सहकारी असल्यास अडवू नये. त्या केरळी तरुणाला डोळ्यांपुढे ठेवूनच मी ते वाक्य घातले होते. अनुमोदन एका निवृत्त पोस्टमास्तरीणबाईंनी दिले.

चर्चा पाऊण तास झाली. “मंडळ म्हणजे धर्मशाळा नव्हे.” बरोबर, धर्मशाळेत मुक्काम असतो, येथे खर्च वाटून घेऊन काम व्हावयाचे होते. “एकदा जागा दिली की सोडणार नाहीत.” हा आक्षेप घेणारे गृहस्थ निवृत्तीनंतर सरकारी क्वार्टर किती महिने सोडीत नव्हते, हे सभेतल्या सर्वांना माहीत होते, कोणी बोलले नाही, मीही बोललो नाही, आता लिहिले. अकरा महिन्यांच्या परवान्याचा मसुदा मी सोबत नेला होता, तो कोणी वाचला नाही. “किल्ली कोण सांभाळील?” हा प्रश्न तीन वेळा निघाला. मला वाटते, सगळ्या वादाचे मर्म त्यातच होते. आणि मग ते वाक्य आले, ज्याची मी वाटच पाहत होतो: “नोकरी लागेपर्यंत ठीक आहे हो, पण ह्याला उत्तेजन कशाला द्यावयाचे?”

म्हणजे आमच्या हिशेबी स्वतंत्र काम हा नोकरीच्या अलीकडचा प्रतीक्षालय आहे. आपण ज्या भाषेचे साहित्य संमेलन आले की रजा टाकतो, ज्या भाषेतल्या नाटकाला पहिल्या रांगेची खुर्ची धरतो, त्या भाषेत लिहिणारा, चितारणारा, अनुवाद करणारा माणूस कोठल्या तरी खात्यात आठ तास घालवून उरलेल्या वेळात ते करीत असेल, तरच तो आपल्याला प्रतिष्ठित वाटतो. पुष्कळ मोठ्या लेखकांनी तसे केले, हे मला ठाऊक आहे. मीही हा लेख रात्री साडेदहानंतर लिहीत आहे. परंतु सगळ्यांनी रात्री साडेदहानंतरच लिहावे, असा काही सेवानियम नाही. आपल्या टेबलाचे भाडे भारत सरकार भरते, आपल्या आजारपणाची काळजी सी.जी.एच.एस. करते, आपला महागाई भत्ता वर्षातून दोनदा वाढतो. ह्या सगळ्याच्या पाठबळावर बसून आपण त्या पोरांना स्वावलंबनाचे धडे देतो, ह्याची लाज वाटावयास हरकत नव्हती.

एक गोष्ट मात्र विरोधकांच्या बाजूने नोंदवितो. हा गट टिकेलच अशी हमी मला देता येत नाही. पोरे भांडतील, एखादा दिल्ली सोडील, एखाद्याला खरोखरच नोकरी लागेल. तसे झाले तर खोलीला पुन्हा कुलूप लावावे. ते कसे लावतात, ह्यात मंडळ वाकबगार आहे.

ठराव नामंजूर झाला नाही. तो उपसमितीकडे सोपविण्यात आला. उपसमिती म्हणजे काय, हे ह्या मासिकाच्या वाचकांना समजावून सांगण्याची गरज नाही. तिची बैठक येत्या दुसऱ्या रविवारी सकाळी अकरा वाजता आहे, आणि तीस कोणाही सभासदास उपस्थित राहता येते, असे घटनेच्या पुस्तकात आहे. तोवर मावसभाऊ, तो केरळी तरुण आणि बंगालीतून मराठीत अनुवाद करणाऱ्या एक बाई, असे तिघे आमच्या क्वार्टरच्या मागच्या बाल्कनीत बसतात. त्या पुस्तकाच्या प्रकाशकास तिघांच्या सहीने पहिले समाईक पत्र गेले आहे. उत्तर यावयाचे आहे. वेगळे वीजमीटर बसविण्याचा खर्च गट देईल, असा अर्ज मी टंकून ठेवला आहे. वरच्या खोलीची किल्ली चौकीदाराकडे असते.